काचेवरचं कुंकू

८ सप्टेंबर, सोमवार

आज गाडीत कॅमेरा बसवला. एकाच काळ्या डबीत दोन भिंगं. एक रस्त्याकडे, एक माझ्याकडे. समोरच्या काचेवर, गणपतीचं छोटं चित्र होतं त्या जागी. बसवणाऱ्याने चित्र सोलून माझ्या हातात दिलं. खिशात ठेवलं.

इंग्रजीतला एक कागद. वाचायला घेतला. तो म्हणाला, "काका, सगळ्यांनी केली सही." केली.

कनुभाई कंगवा घेऊन डबीसमोर उभे. अकरा वर्षं ते माझ्या गाडीवर कंडक्टर आहेत, भांग पाडताना आज पहिल्यांदा पाहिलं. "प्रोफेसर, बराबर छे ने?"

डेपोत मला प्रोफेसर म्हणतात. एम.ए. मराठी झालोय हे एकदा चहाच्या वेळी सांगून बसलो. त्याला सोळा वर्षं झाली.

डबीवर हिरवा दिवा. शेवटच्या थांब्याला, बाजव्याला पोचेपर्यंत लागलेला. परत स्टेशनला येईपर्यंत लागलेला.

१० सप्टेंबर, बुध.

डबी बोलते. बाईचा आवाज, हिंदीत. फतेगंजच्या सिग्नलला उजवा आरसा पाहिला, तर, "कृपया सामने देखिए." अख्ख्या बसने ऐकलं. पहिल्या सीटवर भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक माजी, म्हणजे आजीबाई, होत्या. म्हणाल्या, "भाई, आ तो तमारी सासु बेसाडी छे माथे!" बस हसली. मीही हसलो.

दिवसभर मान सरळ. आरसे नुसत्या बुबुळांनी पाहिले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा मान वळेना. सुनंदाने बाम चोळला. काय झालं विचारलं. म्हटलं, वारा लागला.

१२ सप्टेंबर, शुक्र.

छाणीच्या देवळाशी हात आपोआप कपाळाला जातो. इतकी वर्षं. आज डबी म्हणाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. येताना हात दाबून धरला. काहीतरी करायचं राहिलं असं वाटत राहिलं, थेट जेवेपर्यंत.

आणखी एक. मी गाडी चालवताना वाक्यं जुळवतो. हीच, इथली. रात्री वहीत उतरतात ती दिवसा रस्त्यावर झालेली असतात. तेव्हा ओठ हलत असणार. मला माहीत नव्हतं. डबीला कळलं. "फ़ोन पर बात न करें." फोन डब्याच्या पिशवीत होता.

ओठ मिटून चालवलं. एक वाक्य आलं नाही.

१३ सप्टें.

बाजव्याला शेवटच्या थांब्यावर पंचवीस मिनिटं मिळतात. तिथेच डबे उघडतो, मी आणि कनुभाई. इंजिन बंद केलं तरी हिरवा दिवा चालूच. आवाज टिपतो की नाही कुणाला माहीत नाही. म्हणून कनुभाई आता डेपोच्या सोलंकीसाहेबांबद्दल बोलताना तोंडावर हात धरतात, क्रिकेटवाल्यांसारखा. त्यामुळे मलाही काही कळत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळ.

सोलंकीसाहेबांनी बोलावलं. डेपोचे इन्चार्ज. वाईट माणूस नाही. समोर छापलेला तक्ता. आठवडाभरात "डोळे मिटले" अकरा वेळा.

"ऊंघ आवे छे?"

"नाही साहेब. झोप पूर्ण होते."

"कॅमेरो खोटुं ना बोले."

स्क्रीन माझ्याकडे फिरवला. गाडी चालवताना स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. माणूस वयस्कर. तोंड किंचित उघडं. उजवा डोळा रस्त्यावर. डावी पापणी अर्धी खाली, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असावं तशी. मला आतून ती उघडी वाटत होती. आत्ताही वाटते.

खोलीत आणखी तिघे होते, खमण खात. शेजारच्या स्क्रीनवर दुसरा एक ड्रायव्हर थांबवून ठेवलेला. शेवटच्या थांब्यावर, रिकाम्या बसमध्ये शर्ट बदलत होता. पाठीवर ऑपरेशनची लांब खूण. मी आत आलो तेव्हा तिघे कशाला तरी हसत होते.

विचारलं, हे कोण कोण पाहतं?

"स्टाफ."

किती दिवस ठेवता?

"ए उपरवाळाने खबर."

कॅमेरा बसवल्यापासून महिन्याभरात पंचवीस झाले की गाडीवरून उतरवणार. नोव्हेंबरात मेडिकल आहेच, तेव्हा हा तक्ता डॉक्टरपुढे ठेवणार. आम्ही करारावर. गाडीवरून उतरलेल्या करारावरच्या ड्रायव्हरला टेबल मिळत नाही. घरचा रस्ता मिळतो.

१७ सप्टें.

तक्त्याचा फोटो मागून घेतला नाही. मागायला हवा होता. पण नजर फिरवली होती तेवढ्यात एक दिसलं. अकराच्या अकरा वेळा दुपारी एकनंतरच्या. सकाळची एकही नाही.

आज पाहिलं. नऊला डेपोच्या नळावरच्या आरशात दोन्ही डोळे सारखे. तीनला बाजव्यात, बाजूच्या आरशात, डावा अर्धा.

बोटाने पापणी वर केली. सोडली. हळूहळू खाली आली.

२० सप्टेंबर, शनि.

सुनंदा: "अहो, डावा डोळा बारीक दिसतोय."

"धूळ."

ती शाळेतून येताना कधी कधी माझ्याच बसला असते. आठवीला मराठी शिकवते. मी शिकवणार होतो ते ती शिकवते. तिची नजर मुलांच्या वह्यांवर तयार झालेली आहे, चूक लगेच दिसते.

ती बाहेर गेल्यावर फोनमधले फोटो काढून बसलो. लायसन्सवर दोन्ही डोळे सारखे. दिवाळीत सारखे. गणपतीच्या आरतीचा, संध्याकाळचा फोटो: डावा लहान. म्हणजे ऑगस्टपासून तरी. कॅमेरा त्यानंतर आला. हे त्याने केलेलं नाही. मला तो दोष त्याला द्यायचा होता.

२३ सप्टेंबर, मंगळ.

नवरात्र सुरू. रस्त्यात मांडव, दोऱ्या, ट्यूबलाइट. साडेतीनच्या सुमारास छाणी नाक्याशी पुढे दोन स्कूटर शेजारी शेजारी. दोन्हीवर पिवळी साडी. दोन्ही एकदम उजवीकडे वळल्या. ब्रेक मारला. मागे आरडाओरडा, एक डबा गडगडत पुढे आला.

एकच स्कूटर होती.

कोणती खरी ते ब्रेक मारेपर्यंत ठरत नव्हतं. पुढचा रस्ता डावा डोळा मिटून चालवला. मिटला की सगळं एक होतं. "आँखें खुली रखिए." यावेळी डबी खरं बोलत होती.

कनुभाई पुढे येऊन उभे राहिले. स्टेशनपर्यंत माझ्या खांद्याशी उभे राहून डावीकडचं सांगत राहिले, जणू गप्पाच मारतायत. "रिक्षा. सायकल. आ मोटा काका, एमने जवा दो."

२४ सप्टें.

सकाळची पाळी मागितली. ती एकला सुटते.

सो. साहेब: "कारण?"

"घरगुती."

"सवारनी पाळी तो बधाने जोईए." अर्ज करा म्हणाले. दिवाळीनंतर बघू.

२५

एकोणीस झाले. कनुभाईंनी ऑफिसातून आकडा काढून आणला. तोंडावर हात धरून सांगितला.

२७ सप्टेंबर, शनि.

दुपारच्या फेऱ्यांना डावा डोळा मिटूनच. सावकाश. मागचे हॉर्न देतात. एक तरुण म्हणाला, "काका, बैलगाडी छे?" बरं वाटलं. सावकाश जाण्याबद्दल शिवी मिळते आहे तोवर ठीक.

ठीक नाही. लिहिताना हात ठीक लिहितो. पंचेचाळीस माणसं मागे बसतात. त्यांना वाटतं पुढे दोन डोळे आहेत.

डॉक्टरकडे गेलं तर तो कागदावर लिहील. कागद झाला की झालं. नाही गेलं तर डबी लिहितेच आहे.

बावीस.

२९, सोम.

काही नाही. म्हणजे चोवीस.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी.

इतर डेपोंत गाड्यांची पूजा दसऱ्याला. आमच्याकडे नवमीला. पूर्वीचे फोरमन आपल्यातले, त्यांनी हत्यारांची पूजा खंडेनवमीला करायची प्रथा पाडली, ती तशीच राहिली. गुजराती ड्रायव्हरही आता आदल्या दिवशी झेंडू आणतात.

सकाळी नऊच्या आत गाडी धुतली. कनुभाईंच्या हातात ताट. कुंकू दरवर्षीसारखं तेलात कालवलेलं, गळून जाऊ नये म्हणून. पुढच्या चाकाला लावलं. मग बाहेर पायरीवर उभा राहून खिडकीतून हात घातला: स्टिअरिंग, हॉर्न, तिकिटाचं मशीन. कनुभाई म्हणाले, "हवे सासुने पण." डबीलाही लावलं.

डबीला लावायचं तर वरच्या काळ्या प्लास्टिकवर जागा आहे. भरपूर आहे.

भिंगावर लावलं.

दिवा हिरवाच राहिला. ती दिवसभर बोलली नाही. दुपारी डोळा मिटला, उघडला, ओठ हलले, हात कपाळाला गेला. छाणी ते बाजवा तीन वाक्यं झाली. चांगली होती. आता लिहवत नाहीत.

३ ऑक्टोबर, शुक्र.

काल दसऱ्याची सुटी. आज अकराला दोघांना बोलावणं.

स्क्रीनवर आठ वाजून चाळीसला तांबडं होतं, ते रात्री गाडी लागेपर्यंत तांबडंच. त्याआधीचं शेवटचं चित्र थांबवून ठेवलेलं. रिकामी ड्रायव्हरसीट, खिडकीतून आलेला एक हात, खाकी बाही, पुढे केलेलं बोट. चेहरा नाही. बाही दोघांची सारखी.

सो. साहेब आधी हसले. "पूजा तो बधा करे. काच पर कोण करे?" मग हसायचे थांबले. वरून पत्र आलं होतं. जाणूनबुजून कॅमेरा झाकला. नाव हवं.

मी तोंड उघडलं असेल. आवाज कनुभाईंचा आला. "साहेब, ए मारी आंगळी छे. भूल थई गई. मने शुं खबर ए क्यांथी जुए छे."

"तमारी?"

"तो कोनी? प्रोफेसर तो भणेला माणस छे."

एक आठवडा घरी बसा. रेकॉर्डला शेरा. ड्रायव्हर असता तर उतरवलाच असता, असं साहेब कनुभाईंना म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं असेल.

बाहेर आल्यावर म्हटलं, हे काय केलंत?

"तमने खोटुं बोलता ना आवडत." तंबाखू मळत होते. "आणि एक अठवाडियुं एटले शुं? गरब्याचे पाय दुखतायत, बसतो घरी. तमारी आंख सारी करी ल्यो, प्रोफेसर."

त्यांनी डोळा म्हटलं. मी त्यांना डोळ्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

४ ऑक्टो.

भिंग पुसून दिलं ऑफिसवाल्यांनी. कुंकवाची तांबूस कड अजून एका बाजूला आहे.

नवा कंडक्टर. चांगला आहे. मागेच उभा राहतो.

दुपारी दोननंतर पोटात दुखतं सांगून गाडी डेपोत लावली.

५ ऑक्टोबर, रवि.

बोट कसं गेलं ते आठवतो आहे. कनुभाई म्हणाले, सासूला पण. हसलो. तेलाचं बोट. आधी वरच्या कडेवर टेकलं होतं, हे नक्की. तिथे थांबू शकलं असतं. हात थरथरला नव्हता. खिडकीतून हात घालून नीट दिसत नव्हतं असं म्हणता येईल. सकाळ होती. सकाळी मला सगळं नीट दिसतं.

म्हणजे माझं बोट. माझी इच्छा. शेरा त्यांच्या नावावर.

सुनंदाला अजून सांगितलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळ. बदली सुटी.

फतेगंजला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बाई, पस्तिशीच्या. मुद्दाम दुपारची वेळ घेतली.

म्हणाल्या, छताकडे बघत राहा, पापणी न हलवता. बघत राहिलो. मिनिटभरात डावं छत गेलं. मग रबरी हातमोज्यात बर्फ घालून पापणीवर धरला. दोन मिनिटं. काढला. आरसा दिला.

डोळा उघडा होता. पूर्ण. लायसन्सवरच्यासारखा.

मी खूश झालो. त्या झाल्या नाहीत. म्हणाल्या, याच्यावरूनच शंका येते. स्नायू दमतात. सकाळी ठीक, दुपारी दमतात. रक्त तपासू, मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे पाठवते. औषध आहे. बऱ्याच जणांना उतार पडतो. कधी फक्त डोळ्यांपुरतं राहतं, कधी पुढे जातं. कधी सुरू झालं, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती वेळा, आठवेल तेवढं लिहून आणा, फार उपयोग होतो.

"काम काय करता?"

"ड्रायव्हर."

"स्वतःची गाडी?"

"बस."

लिहिता लिहिता थांबल्या. "सध्या चालवू नका. तपासण्या होईपर्यंत तरी. सांगाल ना ऑफिसात?"

मान हलवली. त्या म्हणाल्या, मी तुमच्या ऑफिसला काही कळवणार नाही, ते तुमचं तुम्ही. महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दलचं माझ्याकडे ठेवलं.

त्याच दिवशी, उशिरा

आठवेल तेवढं लिहायला बसलो. पाच ओळी झाल्या. या वहीतून आणखी सहा.

बाकी सगळं त्यांच्याकडे आहे. तारीख, वेळ, पापणी किती सेकंद खाली होती, चित्रासकट. माझ्या आजाराचा पहिल्या आठवड्यापासूनचा नीट हिशेब सोलंकीसाहेबांच्या कपाटात आहे, झोपाळू ड्रायव्हर म्हणून. मागायचा तर कशासाठी ते सांगावं लागेल. सांगितलं की गाडी गेली.

आणि डोळ्याचं सांगितलं तर बोटाचं न सांगता कसं थांबायचं.

८ ऑक्टोबर, बुध.

रजा. पोटदुखी.

सुनंदाला सांगितलं, डोळ्याचं आणि बोटाचं, दोन्ही. भाजी निवडत होती. थांबली नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"सतरा तारखेपासून."

"त्यानंतर मी तीनदा बसले तुमच्या बसमध्ये."

तिने दुसरी जुडी घेतली.

"पुढच्याच सीटवर बसले होते. तुमची मान बघत."

भाजी चिरून झाल्यावर म्हणाली, "सांगा. मग बघू काय होतं ते. माझा पगार आहे. पण कनुभाईंना सोडवा आधी. त्यांच्या घरी कोण सांगणार, की त्यांनी काही केलं नाही म्हणून?"

नंतर डोळ्याला हात लावून पाहिला तिने. पापणी नाही, भुवई.

९ ऑक्टो.

रजा. अर्ज लिहिला. आधी मराठीत, मला काय म्हणायचंय ते कळावं म्हणून. मग गुजरातीत. दोन मागण्या, एक कबुली. माझ्या डोळ्यांच्या नोंदी मला द्याव्यात. त्या स्टाफला दाखवू नयेत. बोट माझं होतं.

शाळेत निबंध तपासतात तसा सुनंदाने वाचला. एक शब्द बदलला. 'चुकून' खोडला.

१० ऑक्टोबर, शुक्र.

नऊला पाच कमी. गाडीत बसून लिहितो आहे. वही पहिल्यांदा डेपोत आणली.

कनुभाई आज परत. नवा शर्ट. आल्या आल्या डबीला नमस्कार केला, लांबून, हात मागे बांधून. दोघे हसलो. मग म्हणाले, घरी बसून वजन वाढलं, बायको म्हणते तुमच्या सासूला सांगा आणखी एक आठवडा द्यायला.

अर्ज खिशात आहे, गणपतीच्या चित्राशेजारी. सो. साहेब साडेदहाला येतात. गाडी नऊला सुटते. बाजवा करून परत यायला अकरा. अकराला माझा डोळा उघडा असतो. एकपर्यंत उघडा असतो. एकपर्यंत मी सोळा वर्षांचा जुना, चांगला ड्रायव्हर आहे, आणि तसं डबीही सांगेल. एक फेरी. मग ऑफिस. असंही करता येईल.

थांब्यावर रांग लागली आहे. पिशव्यावाल्या माजी आहेत. मला हात केला.

कनुभाई दारात. "प्रोफेसर, आम पाछळ केम बेठा? बेसो ने तमारी जग्याए."

मी तिसऱ्या सीटवर आहे. इथून ड्रायव्हरची सीट पूर्ण दिसते. तिच्यासमोर हिरवा दिवा, भिंगाच्या कडेला तांबूस. कोणी बसायची वाट बघत असल्यासारखा.

कनुभाईंना म्हटलं, आधी इथे बसा, काहीतरी वाचून दाखवायचं आहे. ते बसले. घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या डोळ्याकडे. बाहेर माजींनी दारावर थाप मारली.

अर्ज काढतो आहे.